तुळजापूरच्या घाटात पिकअप न घेणारी गाडी: एका तपासाची पूर्ण नोंद

गाडी २०१४ची. सात आसनांची, १.३ लिटर डिझेल इंजिन, ९० अश्वशक्ती, व्हीजीटी प्रकारचा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), पाच गिअर. मीटरवर एक लाख साठ हजारांच्या पुढचा आकडा. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्याची ही गाडी. एरवी सुताच्या व्यापाऱ्याकडे, बँकेत, स्टेशनवर फिरायची आणि मंगळवारी किंवा शुक्रवारी मालकांच्या घरच्या मंडळींना तुळजापूरला घेऊन जायची. तक्रार त्या फेऱ्यांतच पुढे आली. घाटात गाडी उचलत नव्हती. जो चढ ती तिसऱ्या गिअरवर सहज घ्यायची, तिथे दुसरा टाकावा लागत होता आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही इंजिन कण्हत राहायचे.

माझ्याकडे ती मे महिन्यात आली, तीही तपासाला नव्हे, टर्बो बदलायला. त्याआधी दोन ठिकाणी काम झाले होते. एअर फिल्टर नवा, डिझेल फिल्टर नवा, इंजेक्टर काढून साफ केलेले, डिझेल भरायचा पंपसुद्धा बदलून पाहिलेला. प्रत्येक कामानंतर एक-दोन दिवस गाडी बरी वाटायची आणि पुन्हा तेच. शेवटी इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा, पाइप काढून त्यातले ऑइल मालकांना दाखवले गेले आणि टर्बो गेल्याचे सांगण्यात आले. मालकांनी पैशांची तयारी ठेवली होती.

त्या ऑइलबद्दल आधी बोलायला हवे, कारण एवढ्या एका पुराव्यावर धडधाकट टर्बो भंगारात जाताना मी पाहिले आहेत. डिझेल इंजिनाच्या क्रँककेसमध्ये जी वाफ साचते ती ब्रीदरच्या नळीने परत हवेच्या वाटेत सोडलेली असते, टर्बोच्या अलीकडे. त्या वाफेत ऑइलचे बारीक कण असतात. लाखभर किलोमीटर चाललेल्या इंजिनात ते इंटरकूलरच्या पाइपात चिकटतात, बोट फिरवले की काळे होते. पाइप उलटा धरल्यावर ऑइल ओघळले, इंजिनातले ऑइल दर हजार किलोमीटरला कमी होऊ लागले, सायलेन्सरमधून निळसर धूर आला, तर टर्बोच्या सीलवर संशय घ्यावा. इथे यातले काहीच नव्हते. डिपस्टिकवरची पातळी सर्व्हिसपासून तेवढीच होती.

मालकांना मी एवढेच म्हणालो, "टर्बो बदलून देतो मालक, पण आधी गाडी एक दिवस माझ्याकडे राहू द्या. गेला असेल तर आकड्यांसकट दाखवतो." ते राजी झाले.

ड्रायव्हरला काय विचारले

गाडीचे रोजचे सोबती ड्रायव्हर अण्णा. आधीच्या दोन्ही ठिकाणी त्यांना कोणी काही विचारले नव्हते, याचे मला वाईट वाटले. रोज स्टिअरिंगवर बसणाऱ्याला जे कळते ते स्कॅनरला, म्हणजे गाडीचा संगणक वाचणाऱ्या यंत्राला, कळत नाही, फक्त प्रश्न नेमके विचारावे लागतात. "पिकअप नाही" या वाक्यात निदान डझनभर वेगवेगळे दोष बसतात. म्हणून मी विचारत गेलो: कुठल्या गिअरला, किती आरपीएमवर, गाडी थंड असताना की गरम झाल्यावर, एसी चालू की बंद, रिकामी की भरलेली, धूर दिसतो का, शिट्टीसारखा आवाज येतो का, आणि हे एका दिवसात झाले की हळूहळू.

अण्णांचे उत्तर असे: "सकाळच्याला बरी पळतीया. तामलवाडी टोल ओलांडला, गाडी तापली, की मग उचलत न्हाई. पण एकदा का काटा पंचवीसशेच्या पुढं गेला की मग वढती बघा. खालीच मरतीया." धूर नाही. आवाज नाही. दोनेक महिन्यांपासून हळूहळू वाढले.

या चार वाक्यांत निम्मे निदान आहे. आरपीएम कमी असताना ओढ नाही, वर गेल्यावर आहे. फिल्टर तुंबला, सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला किंवा डिझेल कमी पडू लागले, तर उलटे घडते. खाली गाडी ठीक चालते आणि वर, जिथे हवा आणि डिझेल जास्त लागते, तिथे गुदमरते. या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, १७५० आरपीएमलाच शिखरावर असतो, २०० न्यूटन-मीटर. म्हणजे नेमक्या ज्या पट्ट्यात तिची ताकद असायला हवी तिथेच ती नव्हती. आणि गरम झाल्यावर वाढणे, हा दुसरा धागा.

डिझेल खराब असल्याचा मालकांचा संशय होता, कारण कधी कधी टाकी तुळजापूरकडे भरली जायची. एकेकाळी या शंकेला थोडा आधार होता. १ एप्रिल २०१० पासून दिल्ली परिसराबरोबर देशातल्या ज्या तेरा शहरांत बीएस-४ (भारत स्टेज, प्रदूषणाचे सरकारी निकष) इंधन आले त्यांत सोलापूर होते. शहरात ५० पीपीएम गंधकाचे डिझेल आणि शहराबाहेर ३५० पीपीएमचे, अशी स्थिती पुढे काही वर्षे राहिली. पण २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि २०२० पासून बीएस-६ इंधन मिळते. आज जिल्हा ओलांडल्याने डिझेलची प्रत बदलत नाही. भेसळ किंवा पाणी असेल तर ते डिझेल फिल्टरच्या तळाशी दिसते. तिथे काही नव्हते.

इंजिनाकडे वळण्यापूर्वी

इंजिन ताकद देत नाही, की दिलेली ताकद चाकापर्यंत पोहोचत नाही, हे आधी ठरवले. सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरला, १५०० आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर दिला. क्लच प्लेट घसरत असेल तर काटा उडी मारून वर जातो आणि वेग मागे राहतो. इथे दोन्ही बरोबरीने, पण रडतखडत वाढले. क्लच ठीक. मग न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पाहिली, ती मोकळी वाहत गेली. थांबल्यावर चारही चाकांचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घेतले, पुढची दोन्ही सारखी, मागची दोन्ही सारखी. ब्रेक धरून नव्हता. आपल्याकडच्या धुळीत कॅलिपरच्या पिना जाम होऊन एक चाक धरून राहणे फार आढळते आणि तशी गाडीही पिकअपचीच तक्रार घेऊन येते. दहा मिनिटांत होणारी ही तपासणी कोणीही वगळू नये.

स्कॅनर लावला. दोषाचा एकही कोड नाही, जुनाही नाही. अण्णांनी सांगितले की आधीच्या ठिकाणी "मशीन लावून सगळं साफ केलं होतं." कोड पुसणे हा तपासातला सर्वांत मोठा तोटा आहे. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती होते, भार किती होता, तापमान किती होते, हे त्याच्यासोबत साठवलेले असते. कोड पुसला की तेही जाते.

किल्ली चालू, इंजिन बंद ठेवून मॅप सेन्सर पाहिला. हा इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजतो. इंजिन बंद असताना त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. त्याने ९६ किलोपास्कल दाखवले. पुस्तकात १०१ लिहिलेले असते आणि ९६ पाहून सेन्सर बदलणारेही आहेत. पण १०१ हा समुद्रसपाटीचा आकडा. सोलापूर साधारण ४५७ मीटर उंचीवर आहे आणि त्या उंचीला हवेचा दाब ९६च्या आसपासच असतो. सेन्सर खरे बोलत होता.

उंची आणि ऊन या दोन्हींचा ताकदीवर परिणाम होतो, हेही खरे. टर्बो नसलेल्या गाडीला या उंचीपायी मुंबईच्या तुलनेत पाच टक्के हवा कमी मिळते आणि २५ अंशांऐवजी ४२ अंशांची हवा ओढली तर आणखी पाच टक्क्यांच्या वर. म्हणून मे महिन्यात छोट्या पेट्रोल गाड्या दुपारी थोड्या सुस्त वाटतात आणि तो दोष नसतो. टर्बो ही तूट बहुतांशी भरून काढतो. या गाडीने ती भरायला हवी होती.

रस्त्यावरचे आकडे

गॅरेजमध्ये उभ्या गाडीला कितीही रेस दिली तरी टर्बोची परीक्षा होत नाही, कारण इंजिनावर भारच नसतो. न्यूट्रलमध्ये चार हजारांपर्यंत नेऊन "बघा, छान उचलते" म्हणण्याला काही अर्थ नाही. स्कॅनर जोडून, लॅपटॉपवर नोंद चालू ठेवून आम्ही दुपारी तुळजापूर रस्त्याला लागलो. अण्णा चालवत होते, मी शेजारी. तामलवाडी मागे पडेपर्यंत गाडी पुरती तापली. मोकळा पट्टा पाहून तिसऱ्या गिअरला १५०० वरून पूर्ण ॲक्सिलरेटर, साडेतीन हजारांपर्यंत. नंतर तेच घाटात.

ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, किती दाब हवा आहे आणि प्रत्यक्षात किती मिळतो, हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचायचे असतात. १५०० आरपीएमला हवे होते १९० किलोपास्कल, मिळाले १२८. २००० ला हवे २२५, मिळाले १५०. २५०० ला हवे २३०, मिळाले १८५. ३००० ला हवे २३०, मिळाले २१५. साडेतीन हजारांला दोन्ही जवळपास जुळले. अण्णा जे पायाने सांगत होते तेच कागदावर उतरले.

रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरपाशी डिझेलचा दाब, मागितलेला आणि मिळालेला यांत दहा-पंधरा बारचाच फरक. डिझेलची बाजू निर्दोष. मात्र मागितलेला दाबच अशा भाराला जितका असावा त्यापेक्षा कमी होता. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हवा कमी आहे हे ईसीयूला दिसते आणि काळा धूर होऊ नये म्हणून तो डिझेलही हात राखून सोडतो. आधी इंजेक्टर साफ करण्यात जे पैसे गेले ते यामुळेच वाया गेले. डिझेल कमी पडत होते हे बरोबर, पण ते हवेच्या मागोमाग कमी झाले होते.

हवेचा हिशेब

इथवर आलेला कोणीही म्हणेल की टर्बोचा दाब कमी, म्हणजे टर्बो गेला. पण दाब कमी दिसण्याची तीन कारणे असतात. टर्बोने हवा दाबली पण वाटेत पाइप फाटून ती बाहेर गेली. किंवा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला, त्यामुळे जळालेला धूरच परत आत येऊन जागा अडवू लागला आणि टर्बोचे चाक फिरवायला एक्झॉस्टचा जोर कमी पडला. किंवा टर्बोने हवा दाबलीच नाही. या तिन्हींना वेगळे करायला काहीही खोलावे लागत नाही. एअर फ्लो सेन्सर आणि मॅप सेन्सर यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले की झाले. हा हिशेब प्रत्येक डिझेल मेकॅनिकला पाठ असावा असे मला मनापासून वाटते, म्हणून पूर्ण मांडतो.

इंजिन १२४८ सीसीचे. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरते, म्हणजे २००० आरपीएमला मिनिटाला १२४८ लिटर, सेकंदाला साधारण २१ लिटर. त्या क्षणी मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपात) दाब १५० किलोपास्कल आणि हवेचे तापमान ६० अंश. त्या अवस्थेत एक लिटर हवेचे वजन १.५७ ग्रॅमच्या आसपास भरते. गुणाकार केला की सेकंदाला ३३ ग्रॅम. सिलिंडर शंभर टक्के कधीच भरत नाही, ८५ ते ९० टक्के धरले तर २८ ते २९ ग्रॅम. आता एअर फ्लो सेन्सर काय म्हणतो ते पाहायचे. तो फिल्टरच्या लगेच पुढे, टर्बोच्या आधी बसतो, आत शिरणारी सगळी हवा मोजतो.

पाइप फाटला असता तर आत शिरलेली हवा जास्त आणि इंजिनापर्यंत पोहोचलेली कमी, म्हणजे सेन्सरने ३५-४० ग्रॅम दाखवले असते. शिवाय ईसीयूने त्या आकड्यावर भरवसा ठेवून डिझेल सोडले असते आणि मागे काळ्या धुराचा लोट उठला असता. ईजीआर उघडा राहिला असता तर ताजी हवा हिशेबापेक्षा कमी, वीस-बावीस ग्रॅम. सेन्सरने दाखवले २९. हिशेब जुळला. हवा कुठे सांडत नव्हती आणि धूरही आत येत नव्हता. जेवढी दाबली जात होती तेवढी इंजिनात जात होती. दाबलीच कमी जात होती.

ज्यांच्याकडे मोठा स्कॅनर नाही त्यांनाही हे करता येते. एप्रिल २०१३ नंतरच्या बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे दोष वाचण्याची ठरावीक सोय, आहे. त्या सॉकेटला लावायचा साधा ब्लूटूथ अडॅप्टर आणि मोबाइल असला तर बहुतेक डिझेल गाड्यांचे आरपीएम, मॅप, हवेचे ग्रॅम आणि तापमान दिसते. ईसीयूला किती दाब हवा आहे तेवढे सहसा दिसत नाही. चालवणारा वेगळा आणि मोबाइल पाहणारा वेगळा असावा, एवढे मात्र पाळावे.

टर्बो निर्दोष सुटला

व्हीजीटी टर्बोत एक्झॉस्टच्या वाटेवर हलणाऱ्या बारीक पात्या असतात. आरपीएम कमी असताना, धुराचा जोर कमी असताना, त्या वाट अरुंद करतात. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात उडते तसा धूर चाकावर जोरात आदळतो आणि टर्बो खालच्या आरपीएमलाच वेग धरतो. वर गेल्यावर पात्या उघडतात. त्या उघड्याच राहिल्या तर गाडी खाली मेलेली आणि वर ठीक, नेमकी ही तक्रार.

पात्या हलवतो तो ॲक्च्युएटर, आणि या गाडीत तो व्हॅक्यूमवर चालतो. व्हॅक्यूम पंपाकडून सोलेनॉइड (विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह), सोलेनॉइडकडून ॲक्च्युएटर. किती व्हॅक्यूम सोडायचा हे ईसीयू सोलेनॉइडला सांगतो. रस्त्यावरच्या नोंदीत एक गोष्ट लक्षात आली होती: १५०० ते २५०० च्या पट्ट्यात ईसीयूचा आदेश जवळपास शेवटच्या टोकाला होता. तो पात्या बंद करायला सांगत होता आणि त्या ऐकत नव्हत्या.

ॲक्च्युएटरची नळी काढून तिथे हातपंप लावला. दीडशे मिलिबारच्या आसपास दांडी हलायला लागली, सहाशेच्या आत पूर्ण खाली आली, कुठे अडखळली नाही. पंप मारून सोडून दिला, पाच मिनिटे काटा जागचा हलला नाही. म्हणजे आतला पडदा शाबूत, पात्या काजळीने जाम नाहीत. एअर फिल्टरकडचा पाइप काढून टर्बोचे चाक बोटाने फिरवले. मोकळे फिरले, आतबाहेर खेळ नाही, कडा घासलेल्या नाहीत. मालकांना बोलावून हे सगळे दाखवले. ज्या वस्तूसाठी ते पैसे मोजणार होते ती चांगली असल्याचे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहणे मला गरजेचे वाटत होते.

उरला व्हॅक्यूमचा मार्ग. इंजिन गरम, आयडलवर. पंपाच्या मुख्य नळीवर गेज: ८५० मिलिबार, उत्तम. सोलेनॉइडच्या तोंडाशी: ८५०. सोलेनॉइडच्या पुढे नवी आखूड नळी लावून: ६५०. आणि जुन्या नळीतून ॲक्च्युएटरच्या टोकाला: २८०. दोष त्या हातभर नळीत होता.

ती नळी पाहण्यासारखी होती. तिची क्लिप कधीतरी काढल्यावर परत बसवलेली नव्हती, त्यामुळे ती लोंबून टर्बोच्या उष्णतारोधक पत्र्याला टेकत होती. टेकलेल्या बाजूने रबर कडक होऊन सोलेनॉइडच्या निपलपाशी उभे चिरले होते. थंड असताना चीर मिटलेली, हाताने चाचपले तरी कळत नव्हती. इंजिन तापले की रबर सैल होऊन ती उघडायची. सकाळी बरी आणि तामलवाडीनंतर वाईट, याचा उलगडा इथे झाला. प्रत्येक कामानंतर एक-दोन दिवस बरे का वाटायचे, हेही यात बसते. आसपासचे काम करताना ती नळी हलायची, काही काळ पत्र्यापासून दूर राहायची, आणि परत टेकायची.

हाच पंप ब्रेक बूस्टरलाही व्हॅक्यूम देतो. म्हणून मुख्य नळीवरचा आकडा आणि ब्रेक पेडलचा दाब तपासल्याशिवाय मी पुढे गेलो नाही. दोन्ही ठीक होते. अशा गाडीत पिकअपबरोबर ब्रेकही जड लागत असेल तर ती घाटात नेऊन पाहू नये, आधी व्हॅक्यूम बघावा.

दुसरा दोष

व्हॅक्यूमसाठीच बनवलेली, आतून योग्य मापाची नवी नळी टाकली, क्लिपा बसवल्या, पत्र्यापासून अंतर राखले. मग पुन्हा तोच रस्ता, तेच गिअर, तीच नोंद. दुरुस्तीनंतर आधीचीच चाचणी जशीच्या तशी पुन्हा करायची, हा माझ्याकडचा नियम आहे. गल्लीत एक चक्कर मारून "आता मस्त झाली" म्हणणे मला पटत नाही.

पहिल्या खेपेला अण्णा खूश झाले. १५०० ला १८६, २००० ला २२४. घाट सुरू झाला, तिसऱ्या गिअरला गाडी तडक चढू लागली, आणि एका वळणानंतर, तीन हजारांच्या आसपास, ती एकदम मेली. ॲक्सिलरेटर दाबला तरी काही नाही. बोर्डावर इंजिनाचा दिवा. कडेला घेऊन पाहिले: कोड पी ०२३४, दाब मर्यादेपेक्षा जास्त. नोंदीत दिसत होते की ईसीयूला हवे होते २३० आणि मिळाले २५२. इंजिन वाचवण्यासाठी ईसीयूने ताकद तोडली होती, ज्याला आपण लिंप मोड म्हणतो.

आधी कमी, आता जास्त. नोंद मागे नेऊन पाहिली. दाब २३० च्या जवळ येताच ईसीयूने आदेश भराभर खाली आणला होता, म्हणजे पात्या उघडायला सांगितले होते, तरी दाब चढतच राहिला. पात्या मिटलेल्याच राहिल्या. ॲक्च्युएटर आणि पात्या मोकळ्या असल्याचे आपण हातपंपाने पाहिलेच होते. मग व्हॅक्यूम सुटत का नव्हता?

व्हॅक्यूम सुटण्यासाठी सोलेनॉइडला बाहेरची हवा आत घेणारे एक छोटे तोंड असते आणि त्यावर फोमचा बारीक फिल्टर. त्याची टोपी काढली तर आत सुताच्या तंतूंचा घट्ट बोळा. धुळीबरोबर दाबला जाऊन तो जवळजवळ नमद्यासारखा झाला होता. गाडी दिवसभर कारखान्यात उभी असायची ती मागाच्या शेडच्या भिंतीला, जिथे मोठे पंखे आतली हवा बाहेर फेकतात. टेरी टॉवेल विणताना उडणारे तंतू त्या हवेत असतातच. बॉनेट उघडल्यावर रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या जाळीवरही तोच पांढरट थर होता.

आता दोन्ही दोष एकत्र पाहिले की गाडीचे वागणे समजते. सोलेनॉइडची हवा घेण्याची वाट बुजली होती, पण चिरलेल्या नळीतून हवा शिरत असल्याने व्हॅक्यूम आपोआप सुटत होता. चीर होती तोवर बुजलेले तोंड कोणाला जाणवलेच नाही. नळी नवी झाली, चीर गेली आणि दुसरा दोष उघडा पडला. चाचणी घाटापर्यंत नेली नसती तर हे मालकांच्या घरची मंडळी गाडीत असताना, वळणावर, मागे एसटी असताना घडले असते.

फोम बदलला. तिथे तात्पुरता कापसाचा किंवा कापडाचा तुकडा कोंबू नये. हवा अडली की परत हेच. सोलेनॉइडचा आदेश स्कॅनरने वरखाली करून दांडी पाहिली, आता ती आदेशाबरोबर खाली जात होती आणि तितक्याच चपळाईने परत येत होती. कंडेन्सर आणि रेडिएटर आतून बाहेर अशा दिशेने, कमी दाबाच्या हवेने झाडून घेतले. जोरात मारली तर जाळीच्या पात्या वाकतात.

तिसऱ्या खेपेला गाडीत आणखी माणसे बसवून घाट चढलो. २००० ला २२४, हवा सेकंदाला ४२ ग्रॅम. ३००० ला २३१, आणि पाय सोडला की दाब लगेच खाली. रेल प्रेशरही आता पूर्वीपेक्षा बराच वर मागितला जात होता. घाटमाथ्यापर्यंत तिसऱ्या गिअरवरून खाली यावे लागले नाही, एसी चालू ठेवून. वरून खाली उतरून पुन्हा एकदा चढलो, कारण गरम गाडीचा दोष गरम असतानाच मिटलेला दिसायला हवा.

बिलात नळी, क्लिपा आणि फोमचे मिळून काहीशे रुपये झाले. बाकी तपासाची मजुरी. मालकांनी मजुरीवर घासाघीस केली नाही, आणि मलाही ती कमी करावीशी वाटली नाही. या कामात विकले गेले ते डोके आणि वेळ, सुटे भाग नव्हे. त्याचे दाम उघडपणे लावायला आपल्या गावातल्या मेकॅनिकांनी शिकले पाहिजे. नाहीतर तपास फुकट आणि कमाई फक्त सुट्या भागांवर, हे चालू राहते आणि मग प्रत्येकाला सुटा भाग बदलण्यातच रस राहतो.

अण्णांना दोन गोष्टी सांगितल्या. गाडी शेडच्या पंख्यांसमोर न लावता ऑफिसच्या बाजूला लावायची. आणि दिवा लागला तर कोणालाही कोड पुसू द्यायचा नाही, आधी मोबाइलवर त्याचा फोटो काढायचा.

दसऱ्याच्या आधी गाडी सर्व्हिसला आली तेव्हा तीच नोंद परत घेतली. २००० ला २२२. नळी जशी बसवली तशीच होती. सोलेनॉइडची टोपी उघडली तर फोमवर पुन्हा तंतूंचा पातळ थर धरला होता, जागा बदलूनही. म्हणून त्या गाडीच्या सर्व्हिस कार्डावर आता दर तीन महिन्यांनी फोम बघण्याची वेगळी ओळ आहे. कारखान्यातल्या बाकीच्या दोन डिझेल गाड्यांच्या कार्डांवरही ती लिहून घेतली.